पाया झाकण्यापूर्वी

यासीन, तुला विचारल्याशिवाय लिहायला बसलो आहे. तू असतास तर आधी कशासाठी लिहितोस ते विचारलं असतंस, मग कुणासाठी, आणि शेवटी बजावलं असतंस की लिही, पण मी वाचल्याशिवाय कुणाला दाखवू नकोस. आता ती अडचण राहिली नाही. मी अजून आपल्या मंगरूळलाच आहे. मुंबईला रजा वाढवून मागितली आणि कारण लिहिलं, घरचं माणूस वारलं. हेडक्लार्क परतल्यावर विचारील, घरचं म्हणजे कोण. तेव्हाचं तेव्हा पाहू.

लोक तुझ्याबद्दल फार चांगलं बोलतायत. बाजारात दोघांनी मला सांगितलं की तू स्वभावाने अगदी शांत होतास. मी मान हलवली. चुन्यात माती जास्त निघाली म्हणून भरलेली घमेली रस्त्यावर ओतणारा माणूस शांत असेल, तर मग मी काय बोलणार? पण मेलेल्या माणसाबद्दल खरं बोलायची आपल्याकडे पद्धत नाही, आणि तुझ्याशी खोटं बोलायची मला सवय नाही. म्हणून हे सरळ तुलाच सांगतो आहे.

तुझे अब्बा गवंडी, माझे वडील कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहायचे. शाळा एक, मार खायचा मास्तर एक. तू ओव्हरसिअरचा कोर्स केलास, मी ड्रॉइंगच्या परीक्षा दिल्या, आणि दोघं मुंबईला गेलो. भायखळ्याच्या बाजूला एक खोली घेतली. दिवसा तिथे टेबल मांडलं की ते ऑफिस आणि टेबल भिंतीला लावलं की घर. मी नकाशे काढायचो, तू सही करायचास. माझी रेघ तुझ्या सहीपेक्षा कितीतरी सुबक होती. पण म्युनिसिपालिटीला रेघ नको होती, तिला लायसन्सवाल्याची सही हवी होती, आणि लायसन्स तुला होतं. माझा अर्ज त्यांनी परत पाठवला. ओव्हरसिअरचं सर्टिफिकेट नसलेल्या माणसाला लायसन्स मिळत नसे, मग त्याचा हात कितीही चांगला असो.

आपल्याकडे घर बांधायचं तर माणूस गवंड्याला गाठतो, चांगला दिवस पाहतो आणि कुदळ मारतो. मुंबईत कुदळ मारण्याआधी नकाशा द्या. नकाशा मंजूर झाला की काम सुरू करत असल्याची नोटीस द्या. पाया खणून झाला की तो झाकण्यापूर्वी कळवा. बांधून झालं की लायसन्सवाल्याने लिहून द्यायचं की सगळं माझ्या देखरेखीखाली झालं आहे. आणि एवढं झाल्यावर मालकाने आपल्याच घरात राहायला जायची परवानगी मागायची. मला याचा पहिल्या महिन्यातच कंटाळा आला. तुला मात्र ते नियम वाचताना इतका आनंद झाला की मला तुझी काळजी वाटली. खिडकीपाशी उभा राहून तू म्हणालास, "हे लय चांगलं हाय, वामन. इथं परतेक गोष्टीले कोनीतरी 'म्या पाह्यलं' असं म्हनावं लागते."

तेव्हा मी हसलो होतो. ते तुझ्या डोक्यात किती खोल गेलं आहे हे मला पुढे कळायचं होतं.

अडाण नदीपेक्षा मोठं पाणी न पाहिलेला तू, वर्षभरात भरती-ओहोटीच्या वेळा कोळ्यासारख्या सांगायला लागलास. समुद्र हटवून केलेल्या भरावावर तेव्हा इमारती उठत होत्या. तिथे पाया खणला की भरतीच्या वेळी खाऱ्या पाण्याने चर भरायचा. मजूर वर येऊन बिड्या ओढायचे, मालक घड्याळ पाहायचे आणि तू छत्री उघडून ओहोटीची वाट पाहत उभा राहायचास. पाणी उतरलं की वहाणा काढून खाली उतरायचास, पहारीने ठोकून पाहायचास आणि मग वर येऊन झाका म्हणायचास. पाय धुवायला नळ सापडेपर्यंत आपण चिखलाच्या पायांनी हिंडायचो. ट्रामचा कंडक्टर एकदा आपल्याला आत घेईना. ते दिवस चांगले होते. मी तेव्हा तसं म्हटलं नाही, आता म्हणतो.

मग तुझे अब्बा गेले आणि तू गावी आलास. इकडे भरावावरच्या एका चाळीचा पाया खणून तयार होता. मालकाला पावसाआधी जोत्यापर्यंत यायचं होतं. त्याने नोटीस दिली, म्युनिसिपालिटीचा माणूस येऊन गेला, आणि तू नव्हतास म्हणून मी गेलो. चर नीट होता, यासीन. तळाला कडक लागलं होतं. मी पहार घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो, तू करायचास तस्संच. कुठेही भुसभुशीत नव्हतं. मालकाने पाया भरून घेतला.

तू परत आलास. डोक्यावरचे केस उतरवलेले नव्हते, तुमच्यात ते नसतं, पण चेहरा उतरलेला होता. तिसऱ्या दिवशी जागेवर गेलास आणि मालकाला म्हणालास की एक कोपरा उघडून दाखवा. मालकाला वाटलं तू थट्टा करतोस. मग त्याला वाटलं तुला काही हवं आहे. तेही नाही म्हटल्यावर तो माझ्याकडे आला, याला समजवा म्हणून. मी संध्याकाळी तुला म्हटलं, अरे, मी पाहिलं आहे ना. मी स्वतः खाली उतरलो होतो.

तू चहाची कपबशी खाली ठेवलीस. "तू पाह्यलं असशीन. मी नाई म्हनत नाई. पन सही माही हाय, अन् म्या पाह्यलं नाई."

बस्स. एवढंच. तुझं म्हणणं कायद्याला धरून होतं, मला ते कळत होतं. पण आपण एका ताटात जेवलेली माणसं. माझे डोळे तुला पुरले नाहीत, हे मला लागलं. चांगलंच लागलं. मी तुला म्हटलं की मग सरळ सांग, तुझा माझ्यावर विश्वास नाही. खिडकीतून खाली पाहत राहिलास, जणू गल्लीत कुणी पाया खणत होतं.

तू त्या कामावरून आपलं नाव काढून घेतलंस. तशी नोटीस देण्याचीही नियमांत सोय होती आणि तू ती सोय वापरणारा बहुधा पहिलाच असशील. मालकाने आठवड्यात दुसरा लायसन्सवाला आणला. तो घोडागाडीतून उतरलाही नाही, गुडघ्यावर कागद ठेवून सही करून गेला. चाळ उभी राहिली. माणसं राहायला आली, दोऱ्यांवर लुगडी वाळत पडली, पोरं जिन्यात खेळायला लागली. आणि भायखळा ते गिरगाव सगळीकडे झालं की हा माणूस अडवतो, याच्याकडे जाऊ नका. आपल्या खोलीत मग टेबल भिंतीलाच लागलेलं असायचं. एके दिवशी तू ट्रंक भरलीस. लायसन्सची मुदत संपत आली होती, ते पुन्हा काढणार नाही म्हणालास. पुढे तुझं लग्न झाल्यावर भाभींनी तो कागद त्याच ट्रंकेच्या तळाशी अंथरला आणि वर हिवाळ्याच्या रजया ठेवल्या. मी पाहिला तेव्हा त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता.

मी मुंबईतच राहिलो. त्या गाडीतून न उतरणाऱ्याच्याच ऑफिसात मला नोकरी लागली. हे तुला मी मुद्दाम सांगितलं होतं, तुला राग यावा म्हणून. तू विचारलंस, पगार वेळेवर देतो का? देतो म्हटल्यावर चांगलं झालं म्हणालास. तुझ्याशी भांडणं असं कठीण होतं.

मला वाटलं, गावी गेल्यावर तुझं हे खूळ सुटेल. इथे कोण कुणाची परवानगी मागतो! पण तू मुंबईचे सगळे नियम ट्रंकेत घालून आणले होतेस. अब्बांचे गवंडी तुझ्याकडे आले, हुसेन मिस्त्री त्यांच्यात मोठा. त्यांना तू सांगितलंस की यापुढे कुठलाही पाया झाकण्यापूर्वी, ज्याचा त्या घराशी काही संबंध नाही अशा एका माणसाने चरात उतरून पाहायचं आणि वर येऊन सगळ्यांसमोर सांगायचं. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, तिच्यावर भिंत उभी केली तर भिंतही फाटते. खाली मुरूम लागेपर्यंत जायला हवं हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण लागला की नाही हे पाहायला मालक सोडून कुणीतरी उतरावं, हे नवीन होतं. स्वतःचं घर बांधलंस तेव्हा भाभींना नणंदेकडे बसवून ठेवलंस, तपासून झाल्याशिवाय कुणी आत जायचं नाही म्हणून. पाया बाहेरच्या माणसाने पाहिला होता, पण ही शेवटची तपासणी तुझीच. भाभी म्हणायच्या, बाकी बायका नवऱ्याच्या घरात जातात, मी सरकारी इमारतीत गेले.

आसेगावच्या शाळेच्या दोन खोल्यांची गंमत मी डोळ्यांनी पाहिली. मी तेव्हा दिवाळीला आलो होतो आणि तू मला ओढत घेऊन गेलास. गावाला तुझी पद्धत कळली होती, पण त्यांनी ती आपल्या परीने समजून घेतली होती. त्यांना वाटलं हा काही मानाचा विधी आहे. चराच्या काठाला हळदकुंकू वाहिलं होतं, गुळाची परात होती, आणि पाया पाहायला त्यांनी गावातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसाला, सोनाजी आजाला, हाताला धरून आणलं होतं. सोनाजी आजाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पांढरं धोतर नेसून, फेटा बांधून तो चराच्या भलत्याच बाजूला तोंड करून उभा राहिला आणि पाया फार छान झाला म्हणाला. सगळ्यांनी मान डोलावली.

तुझा चेहरा मी विसरणार नाही. आता हा परात उपडी करतो, असं मला वाटलं. पण आजाच्या त्या नव्या फेट्याकडे पाहून तू गिळलंस. मग हळूच म्हणालास, "आजाले पयला गूळ द्या. मान त्याचाच हाय. पन खाली दिसनारा मानूस उतरवा."

तरी गाव रुसलंच. एकही पुरुष उतरेना. शेवटी आजाची सून पदर खोचून खाली उतरली, पायाने तळ चाचपला आणि एका कोपऱ्यात अजून काळीच आहे म्हणून वर आली. तो कोपरा पुन्हा खणावा लागला. आणि तेव्हापासून आसपासच्या गावांत पाया पाहायचा म्हणजे गूळ आलाच. तुला ते आवडायचं नाही. मी मात्र दोनदा घेतला.

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा यायचो, तू मला एखाद्या कामावर न्यायचासच. इंझोरीचं गोदाम, मानोऱ्याच्या वाटेवरची धर्मशाळा, आणखी कुणाकुणाची घरं. मी आपला मुंबईचा स्वच्छ सदरा घालून निघायचो आणि तू काठावर उभा राहून म्हणायचास, "उतर खाली." मी म्हणायचो तू उतर. तू म्हणायचास गुडघे धरले आहेत. मग मी उतरायचो, कुरकुरत, पहारीने ठोकत, आणि तू वरून विचारायचास, काय दिसते? मुरूम लागला आहे, मी सांगायचो. "सारा?" सारा, मी म्हणायचो, की तू लगेच हुसेनकडे वळून झाकायला सांगायचास. स्वतः वाकूनही पाहायचा नाहीस. वर येताना माझा सदरा मातीने भरलेला असायचा आणि गवंडी गालांत हसायचे. मला वाटायचं, मुंबईच्या माणसाला चिखलात उतरवण्याची तुझी हौस आहे. गुडघ्यांचं मला कधीच पटलं नाही. ज्याचे गुडघे धरतात तो पाच वेळा नमाज पढून वर परांचीवर चढत नाही. मी तसं म्हटलंही होतं. तू म्हणालास, चढताना दुखत नाही, उतरताना दुखते.

लढाईच्या दिवसांत सिमेंट परमिटवर मिळायला लागलं, तेव्हा सगळा तालुका वैतागला आणि एकटा तू खूश झालास. शेवटी आपल्याकडेही परमिट आलं, असं मला भेटल्या भेटल्या सांगितलंस, जणू पाहुणा आला. पण पुढच्या भेटीत तू बदलला होतास. कचेरीत सिमेंटच्या परमिटवर सही करणारा माणूस जागा पाहायला येत नाही, असं तुझ्या लक्षात आलं होतं. मग हे कशाचं परमिट, असं तू मलाच विचारत होतास, चिडून, मी सरकार असल्यासारखा. मी म्हटलं, मुंबईतही असंच होतं, तुला एकट्याला ते दिसलं नाही. तू परमिटाचा कागद घडी घालून खिशात ठेवलास. मला वाटलं, या वेळी जिंकलो.

शेवटची भेट गेल्या दिवाळीतली. तुझ्या ओट्यावर बसलो होतो. मी म्हटलं, ती चाळ अजून उभी आहे, बरं का. एक तडा नाही. मी मुद्दाम त्या रस्त्याने जातो. तू म्हणालास, "राहू दे ना उभी. मी कवा म्हनलं पडंन म्हनून?" मी म्हटलं, म्हणजे मी नीट पाहिलं होतं. तू हाव म्हणालास. मग काहून, मी विचारलं. तुझ्याशी बोलताना माझ्या तोंडून असं काही वऱ्हाडी निसटायचं आणि तू खूश व्हायचास. मग तेव्हा माझे डोळे तुला का चालले नाहीत? तू उत्तर देणार होतास असं मला वाटतं. तोंड उघडलंही होतंस. पण आतून भाभींनी चहा आणला, मागोमाग अजान झाली, आणि तू उठलास. पुन्हा बसलास तेव्हा सिमेंटबद्दल बोलायला लागलास. मीही विषय काढला नाही. पुढल्या दिवाळीत काढू असं वाटलं. इतकी वर्षं चाललेलं भांडण आणखी एक वर्ष थांबायला हरकत नव्हती.

मग तार आली. तुला ताप आहे, इतकंच तिच्यात होतं. मी पोचलो तेव्हा तुला आंघोळ घालून झाली होती आणि कफन बांधलं होतं. तोंड पाहू दिलं त्यांनी. तू जरासा वैतागलेला दिसत होतास, मी उशिरा आलो म्हणून की काय. मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. मी बाकीच्यांबरोबर खांदा देत चालत गेलो आणि वाटेत तुझ्या हातच्या भिंती मोजायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही, कारण लोक खांदा बदलत होते.

कब्रस्तानात कबर तयार होती. हुसेनने आणि तुझ्या गवंड्यांनीच ती खणली होती, बाहेरच्या कुणाला त्यांनी हात लावू दिला नव्हता. जनाजा खाली ठेवला. मी मागे उभा होतो, इथे माझं काय काम म्हणून. तर हुसेन गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आला. हाताला मुरमाचा पिवळेपणा होता. म्हणाला, "वामनभाऊ, पाहून घ्या."

मला कळलं नाही. मी कशाला, असं मी म्हटलं. लायसन्स नसलेला माणूस मी, तुमच्या धर्माचाही नाही. इथे मौलवी आहेत, यासीनचे भाऊबंद आहेत.

"भाईनं सांगून ठेवेल हाय," हुसेन म्हणाला. "ज्या कामावर मी नसंन, तिथं वामनले उतरू द्या. त्यानं पाह्यलं म्हंजे म्या पाह्यलं. आमाले तं पयल्यापासून ठाऊक हाय." मग माझ्या तोंडाकडे पाहून तो थांबला. "तुमाले नाई सांगतलं?"

नाही सांगितलंस. इंझोरीला, मानोऱ्याला, माझा सदरा मळत होता तेव्हा ते सगळे का हसत होते ते मला आता कळलं. सगळ्या गवंड्यांना ठाऊक, आणि मलाच नाही. पहिल्यांदा मला रागच आला, यासीन. एवढं एक वाक्य तुला ओट्यावर बसून बोलता आलं असतं. चहा थंड झाला असता, एवढंच. त्याऐवजी तू वर्षानुवर्षं गुडघे धरून बसलास. मुंबईत माझ्या पाहण्यावर तुला सही करता येत नव्हती. इथे सही नव्हती, कागद नव्हता, फक्त तुझा शब्द होता, आणि तो तू माझ्या डोळ्यांच्या भरवशावर देत होतास. हे मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. ते राहिलं.

मौलवी किंचित बाजूला झाले. मी चपला काढल्या. हुसेनने हात दिला आणि मी खाली उतरलो. वर हातभर काळी माती होती आणि खाली स्वच्छ पिवळा मुरूम. मी टाचेने तळ दाबत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. कोपरे नीट होते. बाजू ओळंब्यात होत्या. हुसेनने खरोखरच ओळंबा लावला असणार. कुठेही भुसभुशीत नव्हतं. तिथे खाली, कुणाला दिसणार नाही इतपत, मी रडलो. मग वर आलो.

त्यांनी तुला खाली उतरवलं, वर फळ्या लावल्या. हुसेन फावडं घेऊन उभा राहिला, बाकीचेही थांबले, आणि सगळे माझ्याकडे पाहायला लागले. माझ्या सदऱ्याला माती लागली होती.

"पाह्यलं म्या," मी म्हटलं. "झाका."